मामाचा डावा पाय

सोमवार, ३ मार्च

एखादी गोष्ट आपल्याला येते, हे माणसाला नक्की कशावरून कळतं? मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. कॉलेजात कुणी तो विचारलाही नाही. तिथे निकाल लागायचा, आणि तो बघून आपल्याला येतं की नाही ते समजून घ्यायचं.

आजपासून मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसायला लागले. 'नोकरी लागेपर्यंत', असं आई सगळ्यांना सांगते. घरातली पहिली पदवीधर मुलगी टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसून पावत्या फाडते, हे तेवढी पुस्ती जोडल्याशिवाय तिच्या तोंडातून निघत नाही. मला लाज वाटत नाही. कुठल्याही धंद्याला एक प्रामाणिक माणूस लागतो, आणि या धंद्याला तर फारच निकडीनं लागणार असं दिसतंय.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, खालून येणारा रबराचा वास. एका भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. उन्हानं त्यातली सगळी लाल चिन्हं गुलाबी झाली आहेत. गुलाबी 'थांबा' बघून कोण थांबणार? समोरची भिंत फोटोंनी भरलेली. जो पास होतो त्याला परीक्षेच्या मैदानाबाहेर उभं करून, हातात नवा परवाना देऊन मामा फोटो काढून घेतो आणि स्वतःही शेजारी उभा राहतो. प्रत्येक फोटोत त्याचं तेच हसू, आणि प्रत्येक फोटोत डाव्या पायात बूट नाही. नुसता मोजा. एवढ्या वर्षांत या माणसाला एकदाही दोन्ही बूट घालून फोटोला उभं राहावंसं वाटलं नाही. अशा अजागळपणानं धंदा चालतो तरी कसा, देव जाणे.

भिंतीच्या मधोमध चौकटीत माझा फोटो आहे. पहिल्याच प्रयत्नात पास. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेनंतर सबंध उन्हाळा पहाटे उठून शिकले होते. मामाचा त्यातला वाटा म्हणजे शेजारी बसून शेंगदाणे खाणं आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाची कुंडली सांगणं.

एका कोपऱ्यात आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांचाही फोटो दिसला. तेही मामाचेच विद्यार्थी, मला माहीतच नव्हतं. जग किती लहान. प्रवेशाच्या पहिल्या दोन याद्यांत माझं नाव नव्हतं. तिसरी यादी लागणार नाही असं सगळे म्हणत होते, तरी ती लागली आणि माझं नाव आलं. चिकाटीनं रोज फळा बघायला गेले म्हणूनच ना.

गुरुवार, ६ मार्च

गाडीच्या मागच्या काचेवर 'पहिल्याच प्रयत्नात पास' असं लिहिलेलं होतं. जत्रेतल्या औषधवाल्याची भाषा. रंगाऱ्याला बोलावून ते खरवडून काढलं आणि नवीन लिहून घेतलं: 'वेळ द्या, मेहनत घ्या, यश तुमचंच.'

मामानं लांबून वाचलं. म्हणाला, छान आहे, पण लांब आहे. मागचा वाचून संपवेपर्यंत येऊन धडकायचा.

शनिवार, ८ मार्च

आज मागच्या सीटवर बसून मामाचा तास पाहिला. शिकणारे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. चेहऱ्यावर जन्मभर लोकांचे अर्ज परत पाठवल्याचं समाधान. चढावरच्या सिग्नलला त्यांनी गाडी अशी अलगद उचलली की मी मनातल्या मनात त्यांना मान द्यायला निघाले होते. तेवढ्यात माझी नजर खाली गेली.

आमच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक आहे. आतून ते दांड्यानं शिकणाऱ्याच्या पेडलांना जोडलेले असतात, वेळ पडली तर शिकवणाऱ्याला दाबता यावेत म्हणून. मामाच्या बाबतीत वेळ कायमचीच पडलेली आहे. डावा बूट काढून त्यानं सीटखाली सारला होता आणि मोज्यातला पाय क्लचवर ठेवला होता. काका क्लच फाडकन सोडून देत होते. मामाचा पाय तो अर्ध्यावर झेलून धरायचा आणि मग श्वास सोडावा तसा हळूहळू वर येऊ द्यायचा. गाडी बंद पडत नव्हती, मागे घसरत नव्हती. तोंडानं मामा म्हणत होता, "वा, काका. लोण्यासारखं."

काकांनी मला आरशातून सुनावलं की मुली, सगळा सरावाचा खेळ आहे.

ते उतरून गेल्यावर मी मामाला विचारलं, हा काय प्रकार आहे. तो म्हणाला, बुटातून क्लच कळत नाही, मोज्यातून कळतो. मी म्हटलं, मी बुटाबद्दल विचारत नाहीये.

"हे बघ ग्रॅज्युएट," तो म्हणाला, "माणसाला एकदा वाटलं ना आपल्याला येतंय, की यायला लागतं. मी तेवढं तोवर धरून ठेवतो."

"आणि परीक्षेत?"

परीक्षेलाही शाळेचीच गाडी असते. शेजारी शिकवणारा, मागे परीक्षक.

"परीक्षेत माणूस जास्त घाबरतो," मामा म्हणाला. "तेव्हा जास्त धरावं लागतं."

म्हणजे भिंतीवरची ती सगळी हसरी मंडळी मामाच्या डाव्या पायानं पास झाली आहेत. संध्याकाळी कुलूप लावताना त्या भिंतीकडे पाहवेना. मधला एक फोटो सोडला तर सगळी लबाडी टांगून ठेवली आहे.

बुधवार, १२ मार्च

एक नर्सबाई आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, जिभेला धार. घरोघरी जाऊन अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचं बघतात. आजवर बसनं आणि पायी जायच्या. आता त्यांची कंपनी सगळ्यांना गाड्या देणार आहे, आणि एप्रिलअखेर ज्याच्या हातात परवाना नसेल त्याला नारळ. दुसऱ्या एका शाळेत तीन महिने घालवून आल्या आहेत. तिथे काय शिकलात विचारलं तर म्हणाल्या, "पट्टा लावायला."

नोकरी गेली तर घर कसं चालणार ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की त्यांचे म्हातारे दुसऱ्या कुणाच्या हातून सुई टोचून घेत नाहीत. मला हे फार आवडलं. हे खरं काम. हिला खरंच शिकवायला हवं, आणि मीच शिकवणार. पायाशिवाय.

मामाला सांगितलं तेव्हा अडवेल असं वाटलं होतं. त्यानं खण उघडला आणि माझ्या नावाचा, शिकवण्याचा परवाना काढून टेबलावर ठेवला. गेल्या महिन्यात कसल्या कसल्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, त्यात हा होता. मला न विचारता. लोकांच्या आयुष्यात पाय घालायची सवयच आहे या माणसाला.

बुधवार, १९ मार्च

आठवडाभर नर्सबाईंची गाडी बंद पडते आहे. मी दोन्ही पाय मांडी घातल्यासारखे सीटवर घेऊन बसते. म्हणजे मोहच नको. मागचे हॉर्न वाजवतात. काही जण शेजारून जाताना काच खाली करून काच फुटेल असं बोलतात. मी त्यांना मागच्या काचेवरचं वाक्य दाखवते.

आज चौकात गाडी लागोपाठ बंद पडली तेव्हा नर्सबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे वळल्या.

"मास्तरीणबाई, पेशंटचा श्वास अडकलाय आणि मी अशी पाय दुमडून बघत बसले, तर मला काय म्हणाल?"

मी म्हटलं, पेशंट वेगळा आणि विद्यार्थी वेगळा. चुकल्याशिवाय शिकता येत नाही. त्या म्हणाल्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं, तुम्ही तर पहिल्याच प्रयत्नात पास.

मी त्यांना गाडी पुन्हा सुरू करायला सांगितलं. पण लोकांना आयतं यश हवं असतं आणि ते मिळालं नाही की ते अशी वाक्यं फेकतात, हे मला पुरतं कळलं आहे.

शुक्रवार, २८ मार्च

मामा दोन दिवस लंगडतोय. आई रात्रीच्या भाकऱ्या थापताना म्हणाली, "त्याच्या गुडघ्याला काय झालंय ते विचार कधी तरी."

मी म्हटलं, दिवसभर बसून शेंगदाणे खाल्ले की गुडघे धरणारच. आईनं तव्याकडे बघत म्हटलं, "मामा नसता ना, तर तू…" आणि पुढचं गिळलं. तिची ही अर्धी वाक्यं मी लहानपणापासून ऐकते आहे. पुरं बोलायचं धाडस तरी करावं.

शुक्रवार, ४ एप्रिल

नर्सबाई नापास झाल्या. चढावर गाडी मागे घसरली, बंद पडली, पुन्हा घसरली. परीक्षकानं मागून 'उतरा' एवढंच म्हटलं. मी शेजारी होते. पाय दुमडलेले होते. हाताच्या अंतरावर तो क्लच होता आणि मी त्याला शिवले नाही. मला अभिमान वाटायला हवा होता.

त्याच सकाळी बँकवाले काका मामाच्या पायानं पास झाले आणि सगळ्यांना केक वाटत सुटले. नर्सबाईंच्या हातावर केकचा तुकडा ठेवून काकांनी त्यांना समजावलं की मेहनतीला पर्याय नाही. नर्सबाईंनी तो तुकडा परत त्यांच्याच खोक्यात ठेवला.

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचं ते तत्त्व आहे. माझी नोकरी आहे."

एवढंच बोलून बसस्टॉपकडे चालायला लागल्या. मी त्यांना हाक मारणार होते. काय म्हणून मारणार?

बुधवार, ९ एप्रिल

आजचा दिवस करमणुकीचा. बँकवाले काका तणतणत आले. नवी गाडी त्यांच्याच फाटकाच्या खांबाला लागली आहे, आणि इमारतीखालच्या तळघरातून चढ चढून बाहेर यायलाच तयार नाही. म्हणाले, नव्या गाडीचा क्लच सदोष आहे, शाळेच्या गाडीचा क्लच फार समजूतदार होता.

समजूतदार क्लच! मी खाली मान घालून हसले. मामा खिडकीबाहेर बघत होता. काकांनी आग्रह धरला की कुणी तरी येऊन बघा. मामाचा गुडघा सुजलेला, म्हणून मी गेले. मनातून मजा वाटत होती. म्हटलं, पायाशिवाय शिकलेला माणूस चढ कसा घेतो ते एकदा दाखवूच यांना.

क्लच खरंच सदोष निघाला. गाडी धक्का खाऊन बंद पडली, मग मागे घसरली, मग पुन्हा बंद. जरा इकडेतिकडे झालं की गप्प. काका विजयानं म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?" मी त्यांना कंपनीकडे लेखी तक्रार करायला सांगितलं आणि मजकूरही सांगितला. तेवढ्यात काकांची सून भाजीच्या पिशव्या घेऊन आली. तिला वाट हवी होती. तिनं पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या, आत बसली, गाडी एका दमात वर नेऊन ठेवली आणि काही न बोलता जिना चढून गेली.

तिला त्या गाडीच्या खोड्या माहीत असणार.

गुरुवार, १० एप्रिल

क्लच सदोषच होता.

शनिवार, १२ एप्रिल

मामाला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून सकाळी शाळेची गाडी मोकळी होती. बर्फाच्या कारखान्यामागे एक चढ आहे, रहदारी नसते. एकटीच गेले. शेजारची सीट रिकामी.

जे झालं ते लिहिते. गाडी बंद पडली. घसरली. पुन्हा बंद पडली. कारखान्याचा पहारेकरी आधी बघत होता, मग त्यालाही कंटाळा आला आणि तो आत गेला. कॉलेजात एवढ्या परीक्षा दिल्या, पण एका पहारेकऱ्याला कंटाळा येईल इतकी नापास मी कधी झाले नव्हते.

परत येऊन खोली उघडली आणि भिंतीसमोर उभी राहिले. चौकटीतली मी परवाना छातीशी धरून हसते आहे, जणू जग जिंकलंय. शेजारी मामा. उजव्या पायात बूट. डाव्या पायात करडा मोजा, अंगठ्यापाशी विरलेला.

हा फोटो मी हजारदा पाहिला असेल.

मामा आला तेव्हा सरळ विचारलं, "माझ्या परीक्षेला तुझा डावा बूट कुठे होता?"

तो खुर्चीत बसला, पाय लांब केला, गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "सीटखाली." थोड्या वेळानं म्हणाला, "पण शेवटचा चढ तुझा तू घेतलास. तेव्हा मी पाय उचलला होता."

"नक्की?"

"बहुतेक," मामा म्हणाला.

त्या 'बहुतेक'चा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नसेल. खोटं तरी पुरतं बोलावं. उन्हाळ्यातल्या त्या सगळ्या पहाटांचं काय करू मी आता? आणि प्राचार्यांच्या फोटोकडेही पाहिलं. पाहून लगेच मान वळवली. एका दिवसात तेवढं पुरे.

मंगळवार, १५ एप्रिल

परवाना कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईला सांगितलं, मला परीक्षा पुन्हा द्यायची आहे. तिनं माझा परवाना उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, हा तर चालू आहे. म्हटलं, परवाना चालू आहे, गाडी चालत नाही. परवाना असलेल्याला परीक्षा देता येत नाही म्हणे. असं मागायला आजवर कुणी आलंच नाही. तिनं शेजारणीलाही बोलावून दाखवलं मला.

बाहेर गाडी उभी होती. 'वेळ द्या, मेहनत घ्या, यश तुमचंच.' पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर छापतात तसलं वाक्य. ज्यानं लिहून घेतलं त्याला भर रस्त्यात एक ठेवून द्यावी.

बुधवार, १६ एप्रिल

नर्सबाईंच्या दारात गेले आणि सगळं सांगून टाकलं. मोजा, फोटो, पहारेकरी, सगळं. त्या चहा गाळत होत्या. कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या,

"म्हणजे मला येत नाही, आणि मला शिकवणारीलाही येत नाही."

"हो."

"आणि परीक्षा महिनाअखेर."

"हो."

त्या खो खो हसल्या. माझ्यावर एवढं मनापासून आजवर कुणी हसलं नव्हतं. मग म्हणाल्या, उद्या सकाळी त्या बर्फाच्या कारखान्यामागे, आणि एकीच्या पाळीला दुसरीनं शेजारी गप्प बसायचं.

मंगळवार, २२ एप्रिल

रोज सकाळी आम्ही दोघी त्या चढावर. आधी मी, मग त्या, मग मी. गाडी बंद पडली की दुसरी काही म्हणत नाही, नुसती नाकानं आवाज काढते. नर्सबाईंच्या नाकाचा आवाज परीक्षकाच्या 'उतरा'पेक्षा वाईट.

त्या माझ्याहून लवकर शिकताहेत. मला सुरुवातीला ते झोंबलं. आज त्यांनी सांगितलं की क्लच म्हणजे शीर शोधण्यासारखा आहे, बोटाखाली जरा थरथरलं की तिथेच थांबायचं, पुढे घुसायचं नाही. मी तसं केलं. गाडी थरथरली, थांबली, आणि वर गेली. एकदाच. पुढच्या पाळीला परत बंद.

"फी मी भरते आणि शिकता तुम्ही," नर्सबाई म्हणाल्या.

शुक्रवार, २५ एप्रिल

नर्सबाई चढ घेतात. दहातल्या दोनदा चुकतात. पण त्या दोनदाचीच धास्ती त्यांच्या मानगुटीवर बसली आहे. आज मामासमोर म्हणाल्या, परीक्षेला शेजारी मामाच बसू देत.

मी म्हटलं, तुम्हाला येतंय. त्या म्हणाल्या, "येत असेलही. पण मला नापास होणं परवडत नाही. तुम्ही नापास झालात तर तुमच्या अहंकाराला सर्दी होईल. माझ्या घरची चूल थांबेल."

मामानं खुशाल होकार दिला. डॉक्टरनं त्याला डाव्या पायानं काहीही दाबायचं नाही असं बजावलंय, हे आईकडून कळलं. अर्धं वाक्य नव्हतं यावेळी. आई म्हणाली, पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे क्लच दाबून त्याचा गुडघा संपलाय, आणि तुझ्या त्या उन्हाळ्यात तर तो रोज पहाटे बर्फाचा शेक घेऊन निघायचा. मला शेंगदाणे तेवढे आठवत होते.

तरी माझं मत बदललेलं नाही. मामा भला आहे, आणि त्याच्या भलेपणानं या गावभर माणसं आपापल्या फाटकांच्या खांबांना धडकताहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्हींचा मला राग येतो.

मंगळवार, २९ एप्रिल

परीक्षा सकाळी होती. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होते. नर्सबाई स्टिअरिंगपाशी, शेजारी मामा, मागे परीक्षक. बसता बसता मामानं सवयीप्रमाणे वाकून बूट काढला, ते मला दिसलं.

गाडी सुरू झाली, निघाली नाही. मामा एकदम ताठ बसला. मान वळवून त्यानं मैदानभर नजर फिरवली आणि मी सापडले. किती वेळ बघत होता सांगता येणार नाही. त्याला वाटलं असतं तर तो परीक्षकाला सांगू शकत होता की गाडीत बिघाड आहे, परीक्षा पुढे ढकला. मग तारीख मे महिन्यात गेली असती आणि नर्सबाईंची नोकरीही.

त्याचं डोकं खिडकीतून दिसेनासं झालं. तो बूट घालत होता. गुडघा वाकत नाही म्हणून वेळ लागला. परीक्षकानं काही तरी विचारलं असावं. मामानं वाकल्या वाकल्या हात हलवला. नर्सबाई समोर बघत होत्या. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

चढावर गाडी वीतभर मागे आली. मी कुंपणाची तार मुठीत धरली. दुसऱ्याच्या पोटावर मी पाय देऊन उभी होते, तिला न विचारता, आणि ती पडली असती तर मी काय केलं असतं, हे मी आत्ताही लिहू शकत नाही. मग इंजिन कण्हलं, गाडी थरथरली, थरथरत उभी राहिली आणि वर गेली. लोण्यासारखी मुळीच नाही. फरशीवर फावडं ओढावं तशी.

पास.

नर्सबाई उतरल्या त्या मामाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मामा, तुमचा पाय होता म्हणून निभावलं."

मामा आपल्या बुटांकडे बघत राहिला.  मी दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला आणि मोबाइल नर्सबाईंच्या हातात दिला. म्हटलं, मामाच्या पायांकडे बघा.

भिंत त्यांनीही पाहिलेली होती. आधी फोटोकडे पाहिलं, मग प्रत्यक्ष बुटांकडे, मग माझ्याकडे. मी सांगितलं, काल संध्याकाळी शेवटचा तास संपल्यावर मिस्त्रीकडून मामाच्या बाजूच्या क्लचचा दांडा काढून घेतला. ब्रेकचा ठेवला; तत्त्व तत्त्वाच्या जागी, पण समोर भिंत आली तर ब्रेक हवाच.

त्यांनी माझ्यासाठी एक शब्द वापरला. तो इथे लिहीत नाही. मग फुटपाथच्या कडेला बसल्या.

"माझी नोकरी होती गं ती," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"तुला काही अधिकार नव्हता."

तेही खरं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. पुष्कळ वेळ त्या फोटोत मागे दिसणारा चढ बोटांनी मोठा करून बघत होत्या, जणू त्यात कुठे तरी मामाचा पाय सापडेल. मग म्हणाल्या, हा मला पाठव. आणि उठून, बसस्टॉपवरून पुढे, चालतच गेल्या.

दुपारी खोलीवर येऊन चौकटीतला माझा फोटो काढला आणि खणात टाकला. तिथे नर्सबाईंचा लावणार आहे, छापून आला की. मामा दारात उभा राहून बघत होता. अडवलं नाही. म्हणाला, "दांडा मिस्त्रीकडेच आहे ना? उद्या बसवून आण. पुढच्या आठवड्यात तिघांची परीक्षा आहे, तिघांनाही काडीचं येत नाही."

मी म्हटलं, बघू.

त्या तिघांना येत नाही म्हणणं सोपं आहे. मला येतं का? आज सकाळी मैदानावर जाण्याआधी एकटीनं बर्फाच्या कारखान्यामागचा चढ घेतला. गेला. 'बहुतेक'शिवाय गेला. उद्या जाईल का, माहीत नाही.

दांडा मिस्त्रीकडे नाही. त्या चढावरून परत येताना वाटेत भंगारवाला दिसला, त्याच्या हातगाडीवर टाकून दिला. बाकीच्या लोखंडात पडला तेव्हा फारसा आवाजही झाला नाही.